दोराच्या अलीकडे

दोर पोटाला लागला तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की रस्ता बंद आहे. समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर नजर ठेवून ती तरातरा चालत आली होती, आणि कमरेच्या उंचीवर ताणलेला तो पिवळा नायलॉनचा दोर तिला दिसलाच नव्हता. शेजारच्या म्हाताऱ्यानं तिचा दंड धरून तिला सावरलं, सावकाश म्हणाला, आणि स्वतःची घडीची खुर्ची थोडी बाजूला ओढून तिला उभं राहायला जागा करून दिली. त्याला वाटलं, ही बघायला आली आहे. तिनं डावीउजवीकडे पाहिलं. दोराला लागून माणसंच माणसं होती, बापांच्या खांद्यावर पोरं, बायकांच्या हातात पाण्याच्या बाटल्या, आणि मधला रस्ता कधी नव्हे तो धुतलेला आणि रिकामा. रिकाम्या रस्त्याच्या पलीकडे इस्पितळ. त्याचा जिना, जिन्यावरचा चपलांचा ढीग, फाटकापाशी विडी ओढणारा वॉर्डबॉय, सगळं इतकं जवळ की हाक मारली असती तर त्यानं वळून पाहिलं असतं. आज नगरदिन आहे, तिला आठवलं. आज संचलन.

विसरली होती असं म्हणता येणार नाही. विसरायचं ठरवून माणूस जे विसरतो त्यातलं ते होतं. गेली कित्येक वर्षं या दिवशी ती न चुकता कामावर जायची. दातांच्या कवळ्या बनवायच्या त्या कारखान्याला सुट्टी नसे. 'सुट्टी सरकारी, दात खासगी,' हा मालकाचा दर वर्षीचा विनोद, आणि त्यावर हसायचं काम तिचं, कारण बाकीचे रजा टाकून संचलनाला गेलेले असत. आजही ती एकटीच खिडकीपाशी बसून एका बाईच्या वरच्या जबड्याचं मेण कोरत होती. भावाचा फोन आला. ताई, निघ आता, डॉक्टर म्हणतात आजचा दिवस निघणं कठीण आहे, एवढंच तो म्हणाला आणि पुढं त्याला बोलवेना. तिनं मेण झाकून ठेवलं, गॅसची बारीक ज्योत बंद केली, मालकाला सांगितलं. रिक्षा दोन चौक अलीकडेच थांबली, पुढं जाता येणार नाही असं रिक्षावाला म्हणाला, तेव्हाही हिच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. ती उतरून चालायला लागली. नखांत अजून प्लास्टर होतं.

दोराच्या आत पाठ करून एक पोलीस उभा होता, पन्नाशीचा, टोपीखाली घाम निथळत असलेला. तिनं त्याला सांगितलं की वडील समोर आहेत, तिसऱ्या मजल्यावर, आणि ते जायला लागले आहेत. हे वाक्य तिनं पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं होतं आणि ते दुसऱ्या कुणाच्या तरी वडिलांबद्दल असल्यासारखं ऐकू आलं. पोलिसानं मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. आत्ता आगीच्या बंबांच्या गाड्या वळणावर आहेत, तो म्हणाला, त्या एकामागोमाग येतात, मधे सोडता येणार नाही. पण त्या गेल्या की बँड यायच्या आधी जागा मिळते. "मी सोडतो तुम्हाला. इथंच थांबा, माझ्याजवळ." तो भला माणूस होता. शेजारच्या म्हाताऱ्यानंही ऐकलं होतं आणि तो आता खुर्चीतून तिच्याकडे वर बघत होता, तिच्या दुःखात आपलं काय काम, अशा चेहऱ्यानं.

बँड. तो शब्द पोलिसानं सहज उच्चारला होता. तिच्या लहानपणी घरात तो शब्द सहज कुणी उच्चारत नसे. बाबा नगरपालिकेच्या पाणीखात्यात होते, पहाटे उठून रस्त्यारस्त्यावरच्या लोखंडी चाव्या फिरवायचे, की अर्ध्या गावाच्या नळाला पाणी आणि अर्ध्याचं बंद. ती त्यांची नोकरी. पण ती कुणी विचारली तर आई म्हणायची, हे बँडमधे असतात. मोठा ढोल बाबांकडे होता. पोटावर बांधायचा, दोन्ही बाजूंनी वाजवायचा, एवढा थोरला की समोरून बघितलं तर एक ढोल चालत येतोय आणि त्याला वर एक टोपी आहे असं वाटावं. नगरदिनाच्या आदल्या महिन्यात बाबा संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून बसत आणि मांडीवर उशी घेऊन तिच्यावर ठोके देत. उशीचा आवाज होत नाही, पण खोलीत तो भरून राही, आणि त्या वेळात मुलांनी बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही. भाऊ लहान होता, त्याला ते जमायचं नाही. त्याला घेऊन ती बाहेर पायरीवर बसायची. संचलनाच्या दिवशी आई दोघांना न्हाऊमाखू घालून घड्याळजीच्या दुकानाच्या कोपऱ्यावर नेई. तिथं पायरी उंच होती. सगळं गाव तिथं ओळखीचं. ढोलवाल्याची पोरं आली, त्यांना पुढं घ्या, अशी वाट मिळायची. मग बँड यायचा. ती पहिल्या वर्षी ओरडली होती, बाबा, म्हणून. आईनं तोंडावर हात ठेवला. संचलनात बाबा आपले नसतात, आई म्हणाली, ते सगळ्या गावाचे असतात, ते बघणार नाहीत. आणि बाबांनी पाहिलं नाही. त्यांची मान लाकडाची होती. ढोल तिच्या छातीत वाजत जवळ आला, छातीतून आरपार गेला आणि पाठीतून लांब निघून गेला. रात्री आई त्यांच्या खांद्यावरच्या पट्ट्याच्या वळांना गरम फडक्यानं शेकायची आणि ते भिंतीकडे बघत बसायचे.

बंबांच्या गाड्या आल्या. लाल, धुतलेल्या, शिडीवर फुलं बांधलेल्या. त्यांवरची माणसं हात हलवत होती. खांद्यावरची पोरं किंचाळली. घंटा वाजवणाऱ्यानं मुद्दाम इस्पितळासमोर घंटा थांबवली, आणि ते सगळ्यांच्या लक्षात आलं. कुणीतरी पसंतीनं मान हलवली. तिनं वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या सज्ज्यावर कठड्याला माणसं टेकलेली होती, आजाऱ्यांचे नातेवाईक, एकदोन आजारी, एका नर्सचा पांढरा खांदा. त्यामागच्या कुठल्याशा खिडकीत बाबा होते. तिच्या मनात आलं, त्यांना कळेल का आज काय आहे. आणि लगेच दुसरं मनात आलं. त्यांना कळणारच. उजवा कान गेला असला तरी तो ढोल कानानं ऐकायचा नसतोच. पलंगाच्या लोखंडातून तो त्यांच्या पाठीत शिरेल. त्यांच्या आयुष्यात त्यांना आवडलेली ती एकच गोष्ट होती आणि ती त्यांच्या जायच्या दिवशी दाराशी चालून येत होती. असं भाग्य कुणाला मिळतं, असं तिच्या मनात आलं, आणि त्या विचारात किती कडवटपणा आहे ते जिभेवर लागलं तसं तिनं तोंड मिटलं.

आई गेली त्या आठवड्यातच नगरदिन आला होता. ती अकरा वर्षांची होती. घरात माणसं बसलेली होती आणि बँडमास्तर भेटायला आला, टोपी हातात घेऊन. या वर्षी तुम्ही येऊ नका, तो बाबांना म्हणाला, ढोल दुसऱ्याला देतो, कुणी काही म्हणणार नाही. बाबांनी भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, त्याचा पट्टा माझ्या मापाचा आहे. एवढंच. बँडमास्तर गेल्यावर मावशी स्वयंपाकघरात जाऊन रडली. पण संचलनाच्या दिवशी तीच मावशी दोघांना घेऊन घड्याळजीच्या कोपऱ्यावर गेली, कारण पोरांना घरात कोंडून काय करायचं. निघण्याआधी भावाचे केस मात्र मावशीनं नाही, तिनं स्वतः पाण्यानं चापून बसवले होते. तिला खात्री होती. कुणी सांगितलं नव्हतं, पण तिला ठाऊक होतं की या वर्षी बाबा बघतील. फार नाही, मान वळवणार नाहीत, नुसती डोळ्यांची बाहुली एवढीशी कडेला येईल आणि तेवढ्यात तिला कळेल. लोकांनी वाट दिली, नेहमीपेक्षा जास्त दिली, एका बाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ढोल आला. तिनं भावाला पुढं धरलं, दोन्ही हातांनी, दुकानात वस्तू पुढं धरतात तसं. बाबा गेले. त्यांच्या गालावरून घाम वाहत होता, नजर पुढच्या रांगेतल्या माणसाच्या मानेवर होती आणि ती तिथून हलली नाही. "नाकासमोर चालणारा माणूस आहे गं तुझा बाप," मावशी म्हणाली. तिला ते कौतुकानं म्हणायचं होतं. त्यानंतर त्या कोपऱ्यावर ती कधी गेली नाही. भांडण काही झालं नाही. भांडायला दोन माणसं एकमेकांकडे तोंड करून उभी राहावी लागतात. ती शिकली, कामाला लागली, लग्न केलं, ते मोडलं, दोन खोल्यांत एकटी राहायला लागली. बाबांकडे जायची, औषधं द्यायची, भाऊ आणि भावजय त्यांच्याजवळ राहत होते म्हणून तिला ते सोपं गेलं. एकदाच काय ते, बाबांचे दात काढले तेव्हा, ती म्हणाली की कवळी मी करीन. त्यांना खुर्चीत बसवून तिनं त्यांचा जबडा उघडला, साच्याचा ओला गोळा आत दाबला आणि तो घट्ट होईपर्यंत त्यांची हनुवटी हातात धरून उभी राहिली. त्यांचा श्वास तिच्या मनगटावर येत होता. डोळे तिच्या चेहऱ्याच्या इतके जवळ होते की त्यांना दुसरीकडे कुठं बघताच येत नव्हतं. तर त्यांनी ते मिटून घेतले. कवळी झाल्यावर बसवून पाहिली, दोनदा दात वाजवले आणि घट्ट बसली म्हणाले.

"बाई, चला." पोलिसानं दोर वर उचलला होता. बंबांची शेवटची गाडी पुढं गेली होती, रस्ता लांबवर मोकळा होता, आणि वळणावर अजून काही दिसत नव्हतं. तो एका हातानं दोर धरून दुसऱ्या हातानं तिला खुणावत होता. शेजारचा म्हातारा खुर्ची मागं घेत म्हणाला, जा जा. ती वाकली. डोकं दोराखालून घातलं, एक पाय धुतलेल्या रस्त्यावर ठेवला, आणि त्या पायातून तो वर आला. ऐकू आला नाही, आधी पायातच आला. वळणामागं अजून न दिसलेला ढोल. तिचा पाय जिथल्या तिथं राहिला. हे नंतर तिनं पुष्कळदा आठवून पाहिलं आणि दर वेळी तिला एवढंच सापडलं की तिनं काही ठरवलं नव्हतं. रस्ता ओलांडायला किती वेळ लागला असता. धावत गेली असती तर दहा श्वास. पण त्या क्षणी तिला मागून दोन हातांनी कुणीतरी धरलं होतं आणि ते हात तिचे स्वतःचेच होते, अकरा वर्षांच्या मुलीचे. पोलीस म्हणाला, "जाताय ना?" ती दोराखालून मागं सरली आणि सरळ उभी राहिली. त्याला वाटलं ती घाबरली. त्याचाही नाइलाज होता. वळणावर पहिली रांग दिसायला लागली होती आणि त्यानं दोर खाली सोडला.

बँड आला. गणवेशाचा रंग बदलला होता, पूर्वी गडद निळा असायचा, आता आभाळी. पुढं पिपाण्या, मग पितळेची वाद्यं, उन्हात डोळ्यांवर चमकणारी, आणि त्यांच्यामागं ढोल. ती दोराला घट्ट धरून उभी होती. ढोल वाजवणारा पंचविशीतला होता, गोल चेहऱ्याचा, ढोल त्याला जरा मोठाच होत होता. आणि तो बघत होता. चालता चालता दोन्ही बाजूंना बघत होता, ओळखीच्यांना भुवया उडवत होता, कुणी नाव घेऊन हाक मारली तर हसत होता. त्याचा ठोका कुठं चुकत नव्हता. तो तिच्यासमोर आला, त्यानं तिच्याकडे पाहिलं, नुसता चेहरा नाही, तिलाच, या एका बाईला, आणि हसला. असं करता येत होतं तर. इतकं सोपं होतं ते. ढोल छातीतून आरपार गेला आणि तिला रडू फुटलं, मोठ्यानं, गर्दीत, लाज न बाळगता. म्हाताऱ्यानं खुर्चीतून उठून तिला बसायला दिलं. त्याला वाटलं, वडिलांसाठी रडते आहे. तेही खरंच होतं म्हणा. ती बसली नाही.

मग शाळांची मुलं गेली, मग घोडे, मग उघड्या मोटारीतून नगराध्यक्ष, मग चित्ररथ, एकावर कागदाचा धबधबा होता आणि तो मधेच अडकला म्हणून सगळं थांबलं. पोलीस आता तिच्याकडे बघत नव्हता. तिनंही त्याला पुन्हा विचारलं नाही. शेवटी दोर सुटला तेव्हा सगळीकडची माणसं एकदम रस्त्यावर आली आणि त्यांच्यातून वाट काढत पलीकडे जायला तिला फार वेळ लागला.

तिसऱ्या मजल्यावर बोळाच्या टोकाला, सज्ज्याच्या दारात, बाकावर भाऊ बसला होता. त्याचे हात गुडघ्यांवर होते, तळवे वर करून, कुणी काही आणून द्यायचं राहिलं आहे असे. तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि चालणं थांबवलं. विचारायचं काही उरलं नव्हतं, तरी तिनं विचारलं, केव्हा. बँड खालून गेला तेव्हाच, तो म्हणाला, त्याच्या आसपास. ती त्याच्याशेजारी बसली. जिना चढून आल्यानं तिला धाप लागली होती. बोळातून कुणीतरी बादली ओढत नेली.

"रस्ता बंद होता," ती म्हणाली. "पोलिसांनी अडवलं."

भावानं मान हलवली. खाली गर्दी पांगत होती, कुणी पोराला हाका मारत होतं. तो सज्ज्याच्या कठड्याकडे बघत राहिला, आणि मग त्याच आवाजात, जराही वर न चढता, म्हणाला, "तू दिसत होतीस मला इथून."

ती नखांतलं प्लास्टर कोरायला लागली.

"दोर उचललेला दिसला. म्हटलं आता येईल. हात केला मी, तू वर बघितलं नाहीस." त्याच्या दाढीचे खुंट पांढरे झाले आहेत हे तिला आज दिसलं. पाण्यानं चापून बसवायचे केसही फारसे उरले नव्हते. "मग ढोल आला," तो म्हणाला, "आणि तू परत फिरलीस."

तो रागावेल म्हणून ती वाट पाहत होती. त्यानं रागवावं असं तिला वाटत होतं. पण त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तो का नाही हे तिला हळूहळू, एकेक पायरी उतरावी तसं, कळत गेलं. दोर उचलला तेव्हा तो कठड्याशी होता. ढोल आला तेव्हाही. तो कठड्याशीच होता, नाहीतर ती परत फिरली हे त्याला दिसलं नसतं, आणि बँड जाईपर्यंत तो तिथून हललाही नसणार.

"तू आत नव्हतास," ती म्हणाली.

तो स्वतःच्या तळव्यांकडे बघत होता. जरासं बघून यावं म्हणून आलो, तो म्हणाला. त्यांच्यासाठीच, म्हणजे त्यांना सांगता आलं असतं, बँड कसा गेला ते. मग पाय निघेना. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी पुढं धरलेला तो मुलगा तेव्हा काय बघत होता, हे तिनं त्याला इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. तिला नेहमी वाटलं होतं की तो लहान होता, त्याला काय कळतंय.

खोलीचं दार उघडून भावजय बाहेर आली. बारीक, सावळी, पदर खोचलेला. या घरात ती भावाच्या हट्टानं आली होती आणि पहिली कितीतरी वर्षं बाबा तिच्याशी बोलले नव्हते. जे हवं ते भिंतीला सांगायचे. मागचं दीड वर्ष मात्र त्यांना भरवायचं, पुसायचं, कूस बदलून द्यायची, सगळं तिच्याकडे होतं. तिनं नणंदेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि कुणी काही विचारण्याआधीच सांगायला लागली, कामाचा निरोप द्यावा तशी. खाली बँड वाजायला लागला तशी बाबांनी डोळे उघडले. तिला वाटलं त्यांना ऐकायचं असेल, म्हणून ती त्यांचं डोकं उशीवर जरा वर करायला गेली. तर ते म्हणाले, खिडकी लाव.

"मी म्हटलं, बाबा, तुमचाच बँड आहे. तर म्हणाले, नको तो. लाव आधी." तिनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. "लावली. मग पोरं कुठायत विचारलं. म्हटलं, आहेत, दोघंही आहेत इथंच. बरं म्हणाले."

तिनं हे दोघांपैकी कुणाला टोचावं म्हणून सांगितलं नव्हतं. तिला कदाचित माहीतही नव्हतं की कोण कुठं उभं होतं. भावानं चेहरा ओंजळीत घेतला. बहिणीला मात्र रडू येईना. रडायचं ते खाली रस्त्यावर रडून झालं होतं, आणि कशासाठी, ते आता तिला नीटसं सांगता आलं नसतं. आयुष्यभर त्यांच्या एकुलत्या एका आवडीचा तिनं मत्सर केला होता आणि ती आवड त्यांची होती की नाही हे विचारायचं तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. मग ते का गेले असतील, दर वर्षी, आई गेली त्याही वर्षी. जायचं असतं म्हणून. पट्टा त्यांच्या मापाचा होता म्हणून. पोरं कोपऱ्यावर येऊन उभी राहतात म्हणून, कदाचित. आता ते कुणी सांगणार नव्हतं.

"उठा," भावजय म्हणाली. "आत चला दोघं. त्यांना एकटं नका ठेवू."

ती दोघं उठली आणि आत गेली. खिडकी बंद होती, खोलीत उकडत होतं. बाबांची हनुवटी भावजयीनं फडक्यानं बांधून ठेवली होती आणि डोळे मिटले होते. भावानं पलंगाच्या एका बाजूला स्टूल ओढलं, दुसऱ्या बाजूला ती उभी राहिली. तिनं त्यांचा हात हातात घेतला. तो अजून पुरता गार झाला नव्हता. दार नीट लागलं नव्हतं, आणि थोड्या वेळानं बाहेर, बोळातल्या बाकावर, भावजय रडायला लागलेली त्यांना ऐकू आली. ती किती तरी वेळ रडत होती. तिच्याजवळ जावं असं दोघांच्याही मनात आलं, आणि दोघंही जागची हलली नाहीत.